रुग्णालयातील हस्तव्यवसाय : उपचार, श्रम आणि उपजीविका

महाराष्ट्रातील रुग्णसेवेचा इतिहास लिहिताना औषधे, शस्त्रक्रिया व साथींचे निवारण या विषयांना साहजिकच अग्रस्थान मिळते. परंतु ज्या रुग्णांना महिनोन्‌महिने, किंबहुना वर्षानुवर्षे रुग्णालयाच्या आवारात राहावे लागले, त्यांचा दिवस कसा जात असे, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे. क्षयरोगी, महारोगी, मनोरुग्ण, अपघाताने किंवा लढाईत अवयव गमावलेले, बालपक्षवाताने अधू झालेले, अशा अनेकांच्या हाती गेल्या शतकात चरखा, माग, वेत, माती व सुतारी हत्यारे देण्यात आली. कोठे त्याला उपचार म्हटले गेले, कोठे शिक्षण, कोठे स्वावलंबन, तर कोठे नुसता विरंगुळा.

रुग्णाने विणलेली सतरंजी पाहून ती कोणत्या हेतूने विणवून घेतली हे सांगता येत नाही. ती विकून संस्थेचा खर्च भागवावयाचा होता, की रुग्णाला पोट भरण्याचा धंदा शिकवावयाचा होता, की माग चालविताना त्याच्या आखडलेल्या घोट्याला हालचाल मिळावी एवढाच उद्देश होता? पहिल्या प्रकारात सतरंजीची किंमत महत्त्वाची ठरते, दुसऱ्यात विणकराचे कौशल्य आणि तिसऱ्यात केवळ त्याचा पाय. हे तीन हेतू एकमेकांत मिसळले असता रुग्णाच्या वाट्याला काय आले, आणि रुग्णालय सोडल्यावर त्या कामाचे पुढे काय झाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

या विचाराला कसोटी म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त होईल. पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेस भोर तालुक्यात, रायरेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर आंबवडे हे गाव आहे. नागेश्वराचे देवालय आणि १९३६ साली बांधलेला झुलता पूल यांमुळे ते परिचित आहे. पंतसचिवांचे भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, तोपर्यंत हा प्रदेश संस्थानी अमलाखाली होता. दीर्घकाळ उपचार करणारी मोठी केंद्रे पुणे, मिरज, मुंबई अशा ठिकाणी होती. अशा गावातील रुग्णाला उपचारासाठी घाट उतरून दूर जावे लागे आणि बरा झाल्यावर त्याच भातखाचरांत परत यावे लागे. रुग्णालयात शिकलेले काम त्याच्याबरोबर परत येऊ शकत होते काय, हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे.

१. कल्पनेचा उगम

मनोरुग्णाला बेड्यांऐवजी नियमित काम द्यावे, हा विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात रूढ होऊ लागला. फ्रान्समध्ये पिनेल आणि इंग्लंडमध्ये यॉर्क येथे १७९६ साली आश्रयगृह उघडणारे विल्यम ट्यूक हे त्याचे अग्रणी होत. ट्यूक हे क्वेकर पंथाचे होते. शेती, बागकाम, शिवणकाम यांमुळे चित्त स्थिर होते, अशी या मंडळींची धारणा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी हीच दृष्टी शारीरिक रोगांकडे वळली. इंग्लंडमधील फ्रिम्ली येथील क्षयरोग आरोग्यधामात डॉ. मार्कस पॅटर्सन यांनी क्रमवार श्रमाची पद्धत बसविली. रुग्णाने आधी थोडे चालावे, मग हलकी टोपली उचलावी आणि ताप न वाढल्यास पुढे फावडे हाती घ्यावे, असा तो क्रम होता. अमेरिकेत १९१७ च्या मार्च महिन्यात जॉर्ज बार्टन, विल्यम डंटन, एलिनॉर स्लेगल प्रभृतींनी या कार्यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. या शास्त्राला मराठीत पुढे ‘व्यवसायोपचार’ हे नाव रूढ झाले.

आरंभकाळातच या कल्पनेतील अंतर्विरोधही प्रकट झाला. डॉ. हर्बर्ट हॉल यांनी १९०४ साली अमेरिकेतील मार्बलहेड येथे मानसिक थकव्याच्या रुग्णांसाठी कुंभारकामाची शाळा काढली. तेथील भांडी इतकी सुबक होऊ लागली की त्यांना बाजारात मागणी आली. मागणी पुरविण्यास कुशल व सतत हजर राहणारे कारागीर हवेत, आणि रुग्ण तर कधी थकणार, कधी बरा होऊन जाणार. परिणामी थोड्याच वर्षांत ती भट्टी आरोग्यधामापासून वेगळी होऊन स्वतंत्र व्यापारी धंदा बनली. वस्तू उत्तम झाली, परंतु ती करण्यात रुग्णाचे स्थान उरले नाही. महाराष्ट्रातील प्रयोगांचा विचार करताना हे उदाहरण विसरता येत नाही.

२. वेडगृहातील श्रम

भारतात रुग्णांकडून पद्धतशीर काम करून घेण्याची सुरुवात मनोरुग्णालयांतून झाली. मुंबई इलाख्यात व मध्यप्रांतात एकोणिसाव्या शतकापासून वेडगृहे होती. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही त्या परंपरेतील महाराष्ट्रातील प्रमुख ठिकाणे. ब्रिटिश अमदानीतील वेडगृहांच्या वार्षिक अहवालांत विणकाम, बागकाम, दळण यांचा उल्लेख उपचार म्हणून येई. त्याच अहवालांत रुग्णांच्या श्रमामुळे झालेली काटकसर रुपयांत नोंदविली जाई. एतद्देशीय रुग्णांकडून अंगमेहनतीची अपेक्षा असे, तर युरोपियन रुग्णांना सामान्यतः तीतून वगळले जाई. अंगमेहनत हा खरोखर औषधाचा भाग असता, तर रुग्णाच्या वंशानुसार तो बदलण्याचे कारण नव्हते.

म्हणून या कालखंडातील कामाला निव्वळ व्यवसायोपचार म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. निव्वळ शोषण म्हणून ते निकालात काढणेही योग्य नाही. बंद कोठडीत दिवस कंठण्यापेक्षा बागेत काम करणे कित्येकांना हितकारक वाटले असेल. परंतु कामास नकार देण्याचा हक्क रुग्णाला नव्हता आणि कामाचा मोबदला हा त्याचा अधिकार मानला जात नव्हता. हे दोन्ही हक्क कायद्याच्या भाषेत यावयास फार काळ जावा लागला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम २० अन्वये रुग्णावर कामाची सक्ती करता येत नाही, आणि त्याने काम केल्यास योग्य मोबदला द्यावा लागतो.

३. जखमी सैनिक आणि धंदेशिक्षण

पहिल्या महायुद्धाने दुसरा प्रवाह निर्माण केला. हातपाय गमावून परतलेल्या हिंदी सैनिकांसाठी मुंबईत १९१७ साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नींच्या पुढाकाराने क्वीन मेरी तंत्रशाळा सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकी येथे हलविण्यात आली. शिवणकाम, मोजे-बनियन विणणे, सुतारकाम, यंत्रे चालविणे असे धंदे तेथे शिकविले जात. येथे हेतू निःसंदिग्ध होता: सैनिकाने गावी परतल्यावर कोणाच्या तोंडाकडे न पाहता चरितार्थ चालवावा. म्हणून वस्तूच्या किमतीपेक्षा शिकणाऱ्याच्या कौशल्याला महत्त्व आले. खडकी येथेच १९७४ साली कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. चाकाच्या खुर्चीत बसून करता येणाऱ्या कामांची परंपरा तेथे पुढे चालू राहिली.

या प्रवाहाची मर्यादा मात्र ध्यानात घेतली पाहिजे. सैनिकाच्या पाठीशी निवृत्तिवेतन व पलटणीची प्रतिष्ठा होती. एखादा धंदा शिकून गावी आलेल्या माजी सैनिकाकडे गाव आदराने पाही. क्षयरोगी किंवा महारोगी तेच कौशल्य घेऊन परतला, तर त्याने शिवलेला सदरा कोणी अंगात घालील याची शाश्वती नव्हती.

४. महारोग्यांच्या वसाहती

ही भीती केवळ लोकमानसात नव्हती, ती कायद्यातही होती. १८९८ च्या महारोगीविषयक कायद्याने प्रांतिक सरकारांना असा अधिकार दिला होता की, अधिसूचना काढून ठरावीक क्षेत्रात महारोग्यांना विक्रीसाठी खाद्यपेय, औषधे किंवा माणसांच्या वापराचे कपडे तयार करण्यास मनाई करावी. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे आणि भाड्याच्या वाहनात बसणे यांवरही बंदी घालता येत असे. शेती व विणकाम या सर्वांत सुलभ उद्योगांचाच माल अशा रीतीने संशयास्पद ठरविला गेला. हा कायदा २०१६ साली रद्द झाला.

या पार्श्वभूमीवर विदर्भातील तीन संस्थांचे कार्य पाहावे लागते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली महारोग्यांची वसाहत सुरू केली. गांधीविचारातील शरीरश्रम, खादी आणि शेती यांचा तेथे आधार होता. अमरावती येथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली जगदंबा कुष्ठनिवासाची, म्हणजेच तपोवनाची, स्थापना केली. तेथेही उपचाराला उद्योगांची जोड मिळाली. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर त्याचा आरंभ झाला. दानाने माणूस पंगू होतो व कामाने उभा राहतो, ही आमट्यांची भूमिका होती. शेतीपासून सुरुवात करून पुढे हातमाग, सतरंज्या, पत्र्याचे डबे, सुतारकाम असे उद्योग तेथे वाढले.

परंतु वस्तू तयार झाली म्हणजे तिला गिऱ्हाईक मिळते असे नाही. आनंदवनातील भाजीपाला प्रारंभी वरोऱ्याच्या बाजारात कोणी घेईना. १९५३-५४ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय स्वयंसेवकांची तुकडी बांधकामासाठी तेथे येऊन राहिली. परदेशी माणसे महारोग्यांनी पिकविलेले अन्न खातात, हे गावकऱ्यांनी पाहिले आणि त्यानंतर बाजाराची कवाडे उघडू लागली. रोगशास्त्राने ही भीती अनाठायी असल्याचे सांगून झाले होते. ती हटली मात्र शेजारच्या माणसाने उघडपणे ते अन्न ग्रहण केल्यावर.

महारोगाच्या बाबतीत हस्तव्यवसायाला एक वैद्यकीय धोकाही होता. या रोगात मज्जातंतू बधिर होतात. हत्यार घट्ट धरल्याने तळहाताला जखम झाली तरी ती जाणवत नाही. ती चिघळते आणि बोटे झडतात. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८ पासून महारोग्यांच्या वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांनी काम शिकावे म्हणून एक लहानसे केंद्र काढले. तेथे लाकडी खेळणी व सुतारकाम केले जाई. जखमांची रोज तपासणी करताना डॉक्टरांना आढळले की, बहुतेक जखमा रोगाने आपोआप होत नाहीत, हत्याराचा दाब, घर्षण व उष्णता यांमुळे होतात. त्यामुळे हत्यारांच्या मुठी बदलणे, त्यांना मऊ आवरण घालणे आणि रुग्णाने स्वतःचा हात डोळ्यांनी तपासण्याची सवय लावून घेणे, यांना उपचारात स्थान मिळाले. शिकविण्यासाठी काढलेल्या सुतारशाळेने या ठिकाणी वैद्यकशास्त्रालाच नवे ज्ञान दिले.

या वसाहतींचे यश निर्विवाद आहे. तथापि तेथे बरे झालेले कित्येक रुग्ण वसाहतीतच राहिले, कारण गावाने त्यांना परत घेतले नाही. हस्तव्यवसायाला टिकाऊ आधार मिळाला तो वसाहतीने स्वतःचा माग, स्वतःची जमीन व स्वतःची बाजारपेठ उभी केली म्हणून. इंग्लंडमध्ये डॉ. व्हॅरियर-जोन्स यांनी पॅपवर्थ येथे क्षयरोग्यांसाठी हाच मार्ग पत्करला होता. रुग्णाच्या शक्तीप्रमाणे कामाचे तास आणि त्यांना रास्त वेतन हे त्यांचे तत्त्व होते. वसाहत हे गावाला दिलेले उत्तर होते, गावाकडे जाणारा रस्ता नव्हता.

५. मुंबईतील व्यवसायोपचार

उपचार हाच हेतू धरून हस्तव्यवसायाची शास्त्रीय मांडणी करण्याचे श्रेय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाकडे व श्रीमती कमला निंबकर यांच्याकडे जाते. त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. अमेरिकेतील एका क्वेकर घराण्यात १९०० साली त्यांचा जन्म झाला. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३० साली भारतात आल्या. पुढे फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. ही आशियातील अशी पहिली शाळा होय. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली व श्रीमती निंबकर तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. नागपूर येथील शाळा १९५८ ची. फलटण येथील कमला निंबकर बालभवन या शाळेने त्यांचे नाव जपले आहे.

या पद्धतीत कामाची निवड रुग्णाच्या अवयवावरून होते. पायटे असलेला माग चालविताना घोटा व गुडघा हलतो. ताण्याची उंची वाढविली की खांदा उचलावा लागतो. रंधा मारताना कोपर व खांदा यांना लय मिळते. माती मळण्याने बोटांची ताठरता कमी होते आणि वेतकामाने बोटांची चिमट सुधारते. क्षयरोग्यास आधी अंथरुणात करता येईल असे अल्पश्रमाचे काम द्यावयाचे आणि नाडी व ताप पाहून ते वाढवावयाचे. बालपक्षवातात दुर्बळ स्नायू थकण्यापूर्वीच काम थांबवावयाचे. येथे सतरंजी अर्धवट राहिली तरी बिघडत नाही, पाऊल टेकू लागले म्हणजे काम झाले. अंशतः क्वेकर परंपरेतून निघालेला हा विचार चरख्याच्या देशात आला तेव्हा त्याला ओळखीची भूमी मिळाली. मात्र दोहोंतील भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. चरख्याच्या पाठीमागे राष्ट्राच्या वस्त्राचा विचार होता, व्यवसायोपचारात एका माणसाच्या मनगटाचा.

६. मुक्काम आटोपला तेव्हा

हस्तव्यवसायाचे हे सर्व प्रकार दीर्घ मुक्कामावर अवलंबून होते. माग शिकावयास आठवडे लागतात. नव्या औषधांनी हा कालावधीच आटोक्यात आणला. मद्रास येथील क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांवरून असे दिसून आले की, नव्या औषधांनी घरी राहून घेतलेला उपचार आरोग्यधामातील उपचारांइतकाच गुणकारी ठरतो. त्यानंतर जगभर क्षयरोगाची आरोग्यधामे ओस पडू लागली. महारोगासाठी १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, तेव्हा आजन्म वसाहतीत राहण्याचे वैद्यकीय कारण संपले. व्यवसायोपचाराच्या क्षेत्रातही विणकाम-कुंभारकाम मागे पडून व्यायामसाधने व दैनंदिन हालचालींचे शिक्षण पुढे आले. १९६१ साली अमेरिकेत मेरी रायली यांनी एका गाजलेल्या व्याख्यानात, हाताने काही घडविण्यातून माणूस आपले आरोग्य घडवू शकतो या मूळ कल्पनेची व्यवसायाला आठवण करून द्यावी, ही घटना त्या बदलाची निदर्शक आहे.

रुग्णाचा तुरुंगवास संपला, याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु मुक्कामाबरोबर दीर्घ दुखणे संपले नाही. मणक्याची इजा, पक्षाघात, जुनाट मनोरोग यांचे रुग्ण आता घरीच असतात, आणि रिकाम्या हातांचा प्रश्न रुग्णालयाच्या दालनातून घराच्या पडवीत आला आहे.

७. गावाची कसोटी

आता आंबवड्याकडे वळता येईल. रुग्णालयाच्या दालनात कुणबी रुग्णाला वेताची टोपली विणावयास, मराठा सैनिकाला सुतारकाम आणि ब्राह्मण क्षयरोग्याला शिवण शिकवावयास आडकाठी नव्हती. तेथे हस्तव्यवसायाला जात नव्हती. गावात ती होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात वर्णिलेल्या व्यवस्थेत लाकूड सुताराचे, चामडे चांभाराचे, दोर मांगाचा आणि टोपली बुरुडाची. बरा झालेला शेतकरी टोपल्या विणू लागला तर एका बाजूस त्याच्या भाऊबंदांची मान खाली जाई व दुसऱ्या बाजूस बुरुडाच्या भाकरीवर घाला पडे. शिवाय माग आणावयाचा कोठून, सूत कोणी पुरवावयाचे, माल पुण्याच्या बाजारात कोणी न्यावयाचा? रुग्णालयातील कौशल्य गावात न टिकण्याची कारणे रुग्णाच्या आळसात शोधण्यापेक्षा या व्यवस्थेत शोधली पाहिजेत.

याउलट गावात असे पुष्कळ काम आहे की ज्याला कोणी हस्तव्यवसाय म्हटले नाही. गोधडी शिवणे, पत्रावळी लावणे, शेंगा फोडणे, धान्य निवडणे, रोपांच्या मुठी बांधणे ही कामे बसून करता येतात. त्यांसाठी यंत्र लागत नाही, आणि ती करणारा माणूस घराच्या व्यवहारातून बाहेर पडत नाही. बोटांची चिमट वेतकामाने सुधारते, तशीच ती पत्रावळ टाचल्यानेही सुधारते. अंगाचे व श्रमाचे नाते पाहणारी के. ई. एम. मधील दृष्टी घेऊन ती गावच्या कामांना लावणे, हा तिचा खरा विस्तार ठरेल.

८. निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, उपचार, शिक्षण व उपजीविका हे तिन्ही हेतू आदरणीय आहेत, परंतु एका रुग्णाच्या बाबतीत एका वेळी कोणता हेतू प्रमुख आहे हे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. उपचाराच्या नावाखाली उत्पादन काढणे हा वेडगृहांचा दोष होता. उत्पादनाच्या ओढीने रुग्णच दूर होणे हे मार्बलहेडचे भवितव्य होते. दुसरी अशी की, वस्तू विकली जात असेल तर तिच्या किमतीतील वाटा हा रुग्णाचा हक्क आहे, संस्थेची कृपा नव्हे. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. हस्तव्यवसायाचे मूल्यमापन रुग्णालयाच्या प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूंवरून होऊ शकत नाही. रुग्ण घरी गेल्यानंतर वर्षभराने तो काय करतो, त्याच्या हातचे कोण घेतो आणि पंक्तीत त्याचे पान कोठे मांडले जाते, यावरून ते व्हावयास हवे.

दत्तपूर, तपोवन व आनंदवन यांनी गावाबाहेर गाव वसवून या प्रश्नाचे एक उत्तर दिले. के. ई. एम. रुग्णालयाने अवयवाला कामाची जोड देऊन दुसरे उत्तर दिले. ही दोन्ही उत्तरे एकत्र आणून रुग्णाच्या स्वतःच्या गावात पोहोचविणे हे कार्य अपुरे राहिले आहे. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील संस्थांचे अहवाल, विक्रीच्या वह्या आणि घरी परतलेल्या रुग्णांच्या मौखिक आठवणी यांचा संग्रह होणे अगत्याचे आहे. आजवरच्या अहवालांत किती वार कापड विणले याचा हिशेब सापडतो. ते विणणाऱ्यांपैकी किती जण घरी गेले आणि तेथे त्यांचे काय झाले, याचा हिशेब मांडण्याचे काम पुढील अभ्यासकांकडे आहे.